शेवटच्या इंचात फाटणारा ऑर्केस्ट्रा

आधी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, कारण त्यात चार वेगळ्या तक्रारींची एकच गाठ बसली आहे.

नेरूळच्या या गृहस्थांचे मामा व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. मागच्या वर्षी ते गेले आणि त्यांच्या सत्तरेक एलपी भाच्याकडे आल्या, जवळपास सगळ्या पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या. बरोबर मामांनी अमेरिकेत घेतलेला टर्नटेबल आणि त्याचा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. त्यावर सगळंच रडवेलं आणि संथ वाजतं म्हणून यांनी तो कपाटावर टाकला आणि सहा हजारांचा सूटकेस प्लेअर मागवला. आता हळू जागा खरखरीत बुडतात. आवाज चढला की फाटतो, आणि बाजू संपत आली की जास्तच फाटतो. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीच्या पेटीत बाजूंचे आकडे चुकीचे छापलेत. आणि एवढं करून सिंफनीत ऐकायचं काय हेच कळत नाही, कारण घरात आजवर ख्याल आणि नाट्यपदं. 'रेकॉर्डच म्हाताऱ्या झाल्यात का? विकून टाकू का?' असा शेवटचा सवाल.

विकू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो. घराच्या मागच्या खोलीत तीसेक वर्षं टर्नटेबल दुरुस्त करतोय, आणि हे संगीत त्याच्याही आधीपासून ऐकतोय. 'रेकॉर्ड गेली' म्हणून जे लोक येतात, त्यांतल्या बहुतेकांची रेकॉर्ड गेलेली नसते. पण त्यांचा तर्क चुकीचा असतो असंही नाही. त्याच प्लेअरवर लताबाईंची रेकॉर्ड बरी वाजते, मग माणूस म्हणणारच की प्लेअर ठीक आहे, बीथोव्हनच खराब. गोम अशी की सिनेमातलं गाणं तीन-साडेतीन मिनिटं साधारण एकाच पट्टीच्या जोरात चालतं. ऑर्केस्ट्रा एका व्हायोलिनच्या कुजबुजीपासून ऐंशी-नव्वद जणांच्या गदारोळापर्यंत जातो, आणि ही सगळी ओढाताण त्या एका खाचेत कोरलेली असते. यंत्रात जी खोट असेल ती ऑर्केस्ट्रा आधी बाहेर काढतो.

एक उदाहरण घेऊन सांगतो. बीथोव्हनची पाचवी सिंफनी चार भागांची, अर्ध्या तासाच्या आसपासची. एलपीवर ती सहसा दोन बाजूंना असते, आणि दुसऱ्या बाजूला तिसरा आणि चौथा भाग एकापाठोपाठ, न थांबता. तिसऱ्याच्या शेवटी आवाज इतका खाली जातो की फक्त तंतुवाद्यांचा एक धरलेला स्वर उरतो आणि त्याखाली टिंपनीची, म्हणजे त्या मोठ्या नगाऱ्यांची, दबकी टकटक. इथे सुईखाली एक केस जरी आला तरी तो ऐकू येतो. मग काही सेकंदांत सगळं चढत जातं आणि चौथा भाग उघडतो. या सिंफनीत तोवर गप्प बसलेले ट्रॉम्बोन इथे पहिल्यांदा वाजतात. तिथून शेवटपर्यंत जल्लोष, आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचे ते शेवटचे ठोके येतात कुठे, तर लेबलच्या अगदी जवळ.

ती जागा महत्त्वाची. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच चालीने घेते, पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून जाणारी खाच लांब आणि आतल्या बाजूला आखूड. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच वेळाचा आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला. वळणं जवळ जवळ, बारीक, तीव्र. सुई जाड किंवा झिजलेली असेल तर तिला ती वळणं घेता येत नाहीत, ती त्यावरून घसरते. तुम्हाला 'फाटणं' ऐकू येतं ते हे. ऑर्केस्ट्राच्या बऱ्याच रचना शेवटाकडे चढत जातात आणि एलपी शेवटाकडे अरुंद होत जाते, त्यामुळे सिंफनीच्या माणसाला हा मार नेहमीच बसतो. तो जुन्या काळीही बसायचा, म्हणून बाजू कुठे तोडायची याचा रेकॉर्ड करणारे बराच विचार करायचे.

आता तुमचा सूटकेस प्लेअर. त्याबद्दल मी कठोर आहे, रागावू नका. त्यातली कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो छोटा डबा, सिरॅमिकची असते, सुई गोल टोकाची आणि बऱ्याचदा हिऱ्याऐवजी कृत्रिम नीलमची. सुईचा खाचेवरचा भार पाच ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. चांगली मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर चालते. एकदा ऐकल्याने रेकॉर्ड मरणार नाही, पण मामांच्या रेकॉर्ड रोज त्यावर फिरवल्यात तर सगळ्यात आधी जातील त्या याच मोठ्या आवाजाच्या जागा, आणि त्या परत येत नाहीत.

हे मी स्वतःच्या पापावरून सांगतोय. सोव्हिएत पुस्तकांची प्रदर्शनं भरायची तेव्हा तिथे मेलोदिया या सोव्हिएत कंपनीच्या रेकॉर्ड अगदी स्वस्तात मिळत. तशी मी घेतलेली पहिली एलपी म्हणजे चायकोव्हस्कीची चौथी सिंफनी. लेबलवर सगळं रशियन, मला वाचता आले फक्त आकडे. घरातला प्लेअर शेवटच्या भागात उड्या मारायचा, तर मी मित्राचं ऐकून टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, डोक्यावर (हेडशेलवर) एक नाणं चिकटवलं. उड्या थांबल्या. मी खूश, महिनाभर तीच बाजू वाजवली. आज कितीही चांगल्या सुईने लावली तरी तिथे झांजांच्या जागी पत्रा हलवल्यासारखा आवाज येतो. रेकॉर्ड अजून आहे माझ्याकडे, नाण्याचा डाग हेडशेलवर आहे.

तेव्हा सूटकेसवर जुनी हिंदी गाणी वाजवा आणि कपाटावरचा टर्नटेबल खाली काढा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

'सगळं संथ आणि रडवेलं' हे वाचून मला लगेच शंका आली. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. मामांच्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलच्या मोटरी विजेच्या या लयीवरच फिरतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला तो हात लावत नाही. म्हणजे ६० च्या हिशोबाने बनवलेली मोटर आपल्याकडे पाच-षष्ठांश वेगाने फिरते. तबकडी ३३⅓ ऐवजी २८ च्या जरा आत फेरे घेते आणि सूर तीन अर्धस्वरांनी उतरतो. पेटीच्या भाषेत, काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये गाऊ लागते. ऑर्केस्ट्रा रडका वाटणारच.

तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा, फोनवर घड्याळ लावा, मिनिटाभरात फेरे मोजा. तेहेतीस भरून थोडे वर, तर वेग बरोबर आणि माझी शंका चूक. सत्तावीस-अठ्ठावीस आले तर हर्ट्झचाच मामला. तिसराच काही आकडा आला, किंवा दर मिनिटाला आकडा बदलत राहिला, तर मोटरवरून तबकडी फिरवणारा पट्टा सैल झालाय किंवा बेअरिंगमधलं तेल चिकट झालंय. तो हजार-दोन हजारांतला विषय आहे. मॉडेल नंतरच्या काळातलं, डीसी मोटरचं असेल तर हर्ट्झचा संबंधच नाही, मग बाकीचं बघावं लागेल.

हर्ट्झ निघालंच तर घाबरू नका. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलमध्ये मोटरच्या दांड्यावर एक छोटी पुली असते. तिचा व्यास एक-पंचमांशाने वाढवला की ५० हर्ट्झला वेग बरोबर येतो. अनेक कंपन्या एकाच मॉडेलच्या दोन्ही पुल्या बनवायच्या, मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर मी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडून पितळेची करून घेतो. तो पहिल्यांदा हसला होता, 'काका, एवढ्याशा तुकड्याला सेटिंग करायचं?' म्हणून. आता हातातलं काम बाजूला ठेवून करून देतो, कारण एकदा त्याला मी खोलीत बसवून फरक ऐकवला. पुली जराही वाकडी झाली तर आवाज लहरत राहतो, तेव्हा हे काम घरी कानस घेऊन करू नका.

पूर्वी तबकडीच्या कडेला वेग तपासायच्या रेघा असत. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली १८० रेघा स्थिर दिसल्या की ३३⅓ बरोबर. घरातल्या बऱ्याच एलईडी दिव्यांखाली त्या नीट दिसत नाहीत, म्हणून कपट्याची युक्तीच बरी.

पुढचा खर्च कार्ट्रिजचा. मामांची सुई कितीही कमी वापरलेली असो, तिच्या दांडीखालचं रबर एवढ्या वर्षांत कडक झालेलं असतं. नवीन घ्या. ऑर्केस्ट्रासाठी मी गोल टोकाऐवजी निदान लंबगोल टोक सुचवतो. खाचेच्या भिंतींना ते अरुंद धारेने टेकतं आणि आतली वळणं जास्त नीट घेतं. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई मी बऱ्याच जणांना बसवून दिली आहे. ती दोन ग्रॅमवर चालते आणि नंतर हौस वाढली तर त्याच बॉडीवर बारीक टोकाची सुई लावता येते. सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा घ्या, टोनआर्मवरच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. कार्ट्रिज कोनात बसवायला कागदी प्रोट्रॅक्टर मिळतात. त्यांत स्टीव्हन्सन नावाची मांडणी आहे. तिच्यात आतला बिनचूक बिंदू, म्हणजे सुई खाचेशी अगदी सरळ बसते ती जागा, मध्यापासून सुमारे ६० मिलिमीटरवर, म्हणजे बाजू जिथे संपते तिथेच येतो. बाकी ठिकाणी थोडं सोडावं लागतं, पण सिंफनीचा शेवट वाचतो. जो फक्त सिनेमातली गाणी ऐकतो त्याला मी दुसरी मांडणी करून देतो. शिवाय मॅग्नेटिक कार्ट्रिजचा सिग्नल अगदी क्षीण असतो, त्याला तो वाढवणारा फोनो प्रीॲम्प लागतो. मामांच्या ॲम्प्लिफायरला मागे 'फोनो' लिहिलेली जागा असेल तर तो खर्च वाचला. गुणगुण आली तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर लटकत राहिलेली आहे का, ते आधी पाहा.

हे सगळं केल्यावरही एखाद्या रेकॉर्डचा शेवट फाटत असेल, तर मात्र ती खरोखर घासली गेलेली आहे. कुणीतरी कधीतरी माझ्यासारखं नाणं लावलेलं असणार. ती बाजूला ठेवा आणि पुढे चला.

आता खरखर. इथे कारण बहुधा धूळ आणि बुरशी. आपल्याकडचा पावसाळा रेकॉर्डच्या जिवावर उठतो आणि खाडीजवळच्या इमारतीत तर विचारूच नका. खाचेत पांढरे ठिपके दिसतात, कव्हर उघडलं की जुन्या वहीसारखा वास येतो. बुरशी खाचेत बसलेली असताना वाजवू नका, सुई ती आणखी खाली चेपते.

माझी पद्धत अशी. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणी चार भाग, केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादाच थेंब. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डना मात्र अल्कोहोल अजिबात नाही, त्या विरघळतात. मऊ मखमली पॅड ओला करून खाचेच्या दिशेने गोल गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात आणि वाळत घालायचं. वाळवायला स्वयंपाकघरातला ताटं ठेवायचा स्टँड घ्या. बारा इंची एलपी त्यात जेवणाच्या ताटासारखी उभी राहते, फक्त स्टीलच्या तारांना सुती पट्टी गुंडाळा. आमच्याकडे दर रविवारी दुपारी ताटं ओट्यावर आणि स्टँडमध्ये ब्राम्स, हे दृश्य घरच्यांनी आता स्वीकारलं आहे.

२६ जुलै २००५ ला तळमजल्यावरच्या एका ओळखीच्यांच्या घरात कंबरभर पाणी शिरलं होतं. शंभरावर रेकॉर्ड चिखलात. कव्हरांचा लगदा झाला, पण तबकड्या आम्ही चार दिवस बसून अशाच धुतल्या आणि बहुतेक वाचल्या. एलपीचं प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, पाण्याला भीत नाही, उन्हाला भितो. म्हणून रेकॉर्ड माळ्यावर, स्लॅबखाली ठेवू नका. एका उन्हाळ्यात त्यांचे पापड होतात. उभ्या ठेवा, एकमेकींवर रेलू देऊ नका, आतल्या जुन्या कागदी पिशव्या बदला. शंभर एलपींचं वजन वीस-पंचवीस किलो भरतं, फळी तशी मजबूत लागते.

नवव्या सिंफनीच्या बाजूंचं कोडं अगदी सोपं आहे. एका रेकॉर्डवर बाजू एक आणि चार, दुसरीवर दोन आणि तीन, असंच असेल ना? छपाईची चूक नाही ती. त्या काळी ऑटोचेंजर असत. दांड्यावर दोन-तीन रेकॉर्ड रचून ठेवायच्या, एक संपली की दुसरी आपोआप पडायची. एक आणि दोन ओळीने वाजल्या की गठ्ठाच उलटायचा, तीन आणि चार वाजायच्या. तुम्ही आकड्यांच्या क्रमाने हाताने बदलत जा. पहिली बाजू संपल्यावर तीच रेकॉर्ड उलटल्यामुळे तुम्ही थेट शेवटच्या समूहगानात पोचला असणार, आणि मग 'काही कळत नाही' हा दोष तुमचा नव्हता.

आणखी एक, पटकन. लेबलवरचा क्रमांक पाहा. एचएमव्हीचा एएलपी म्हणजे मोनो, एएसडी म्हणजे स्टिरिओ. डेक्काचा एलएक्सटी मोनो, एसएक्सएल स्टिरिओ. कोलंबियाचा ३३सीएक्स मोनो, एसएएक्स स्टिरिओ. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५७-५८ च्या सुमारास. मोनो रेकॉर्ड वाजवताना ॲम्प्लिफायरचं मोनोचं बटण दाबा. सुईच्या वरखाली हालण्यातून येणारा कचरा त्याने वजा होतो आणि खरखर तिथल्या तिथे बरीच उतरते. मोनोवर 'इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेने स्टिरिओ' असं छापलेलं असेल तरी बटण दाबाच, ती सोय विक्रीसाठी होती, कानासाठी नव्हती. दमदमला छापलेल्या भारतीय आवृत्त्यांना लोक नाकं मुरडतात. माझा अनुभव मिश्र आहे. काहींचा पृष्ठभाग आवाज करतो, काही विलायतीच्या तोडीस तोड आहेत. विलायती छापाच्या सुरुवातीच्या एसएक्सएल आणि एसएएक्सना मात्र संग्राहक चांगले पैसे मोजतात, म्हणून रद्दीच्या काट्यावर ठेवण्याआधी क्रमांक लिहून काढा.

आता खरा प्रश्न, ऐकायचं काय.

मीही तुमच्यासारखाच. घरात भीमसेनजी, कुमारजी, वसंतराव. पहिले सहा महिने सिंफनी मला गर्दीच्या वेळच्या ठाणे स्टेशनसारखी वाटायची. अडचण कुठे आहे ते फार उशिरा कळलं. आपल्या कानाखाली तानपुरा असतो. गायक कुठेही फिरो, सा हलत नाही. सिंफनीत सा-च हलतो. सतार-सरोद वाजवणारे मूर्च्छनेने क्षणभर दुसऱ्या स्वराला सा मानून फिरवून आणतात ना, तसं हे लोक दहा-दहा मिनिटं करतात, आणि खाली धरून ठेवायला कुणी नाही. मग आपल्याला हरवल्यासारखं होतं. पण ते हरवणं त्यांनी मुद्दाम रचलेलं असतं. पहिल्या भागात सुरुवातीची धून ऐकून ठेवा. मधे ती तुकड्या-तुकड्यांनी परक्या घरांत फिरेल. मग एका क्षणी ती मूळच्या सा-वर परत येते, आणि समेवर आल्यावर मान हलते तशी मान हलते. ती पहिल्यांदा आपोआप हलली तेव्हा मी खोलीत एकटाच होतो आणि ओशाळून इकडेतिकडे पाहिलं.

दुसरी गोष्ट, खालच्या स्वरांकडे कान द्या. आपण वरच्या सुरावटीमागे धावतो. एकदा पूर्ण बाजू फक्त चेलो आणि डबल बेस ऐका, मग तीच बाजू पुन्हा नेहमीसारखी. मी प्रत्येक नवी रेकॉर्ड अशी तीनदा ऐकतो, वेगवेगळ्या दिवशी, एका वेळी एकच बाजू. वीस-बावीस मिनिटं, मग उठावंच लागतं. यूट्यूबवर तेच संगीत खरखरीविना आणि न तुटता मिळतं, हे मी कबूल करतो. सीडी आणि स्ट्रीमिंगची आवाजाची झेप एलपीपेक्षा मोठी असते यात वाद नाही. पण तिथे मी कधी दोन मिनिटांच्या वर एका जागी बसलो नाही. हा माझा स्वभाव झाला, तुमचा वेगळा असेल.

सुरुवात नवव्यापासून करू नका. मामांच्या गठ्ठ्यात सुप्राफोन या चेक कंपनीच्या रेकॉर्ड असल्या तर त्यांत स्मेतानाची 'व्लताव्हा' शोधा. बारा-तेरा मिनिटांची, १८७४ ची, एका नदीची गोष्ट. दोन बासऱ्यांचा झरा सुरू होतो, मग क्लॅरिनेटचा दुसरा, दोन्ही मिळून नदी होते. काठावर शिकारीची शिंगं, एका गावातलं लग्न, चांदणी रात्र, मग खळाळ. त्यानंतर बीथोव्हनची सहावी. तिच्या चौथ्या भागात वादळ येतं आणि अख्ख्या सिंफनीत टिंपनी वाजते ती फक्त तिथेच. ही बाजू मी जूनमध्ये, येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले असताना लावतो. खिडकी बंद करून, नाहीतर कुठलं वादळ आतलं आणि कुठलं बाहेरचं कळत नाही. मोत्सार्टची चाळिसावी तर तुम्हाला ऐकताक्षणी ओळखीची वाटेल. सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया'मध्ये तिच्यावरच 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' बांधलं होतं. आणि मामा मुंबईचा अभिमान बाळगून असतील तर मुंबईचे कंडक्टर झुबिन मेहता यांची एखादी डेक्काची रेकॉर्ड सापडेलच. लॉस एंजेलिसमध्ये १९७१ ला केलेली होल्स्टची 'प्लॅनेट्स' असली तर पहिली बाजू ऐका. तिचा पहिला ग्रह मंगळ, तो पाच मात्रांच्या ठेक्यात चालतो. झपतालाच्या अर्ध्यात हात सहज पडतो.

वेळ मात्र निवडून घ्या. रात्री दहानंतर खालच्यांच्या धाकाने आवाज कमी केला की हळू जागा नाहीशाच होतात. रविवारी सकाळी, कुकर लागायच्या आधी, ही माझी वेळ. आणि एकदा तरी हार्बरने सीएसएमटीला उतरून नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया प्रत्यक्ष ऐका. आठ डबल बेस खोलीतली हवा कशी हलवतात ते एकदा छातीत ऐकलं की घरच्या स्पीकरकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे दोन्ही कळतं.

एक गोष्ट लिहिता लिहिता सुचली. मामांनी तो टर्नटेबल एवढी वर्षं असा रडवेला कसा चालवून घेतला, असं तुम्हाला वाटलं असेल. व्यापारी जहाजांवर वीज बहुतेक ६० हर्ट्झची असते. जहाज बंदरात शांत उभं असेल, तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये तो बरोबर सुरात वाजत असणार. घरी आणल्यावर बिघडला असं समजून त्यांनीही तो गुंडाळून ठेवला असेल का, ते तुमच्या मामींना विचारा.

तोवर कपट्याने फेरे मोजून आकडा इथे लिहा आणि तबकडी उचलून मोटरच्या पुलीचा एक फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. मॉडेलचा नंबर बहुतेक मागच्या बाजूला असतो. पुली करायची वेळ आली तर ठाणे-नेरूळ गाडीने या, फक्त टोनआर्म दोऱ्याने बांधून आणि तबकडी वेगळी काढून. संध्याकाळी सहानंतरच्या गाडीने मात्र नको.